फाटकापर्यंतची मोरपंखी

दि. २ फेब्रुवारी

चि. चिमीस,

अनेक आशीर्वाद. ते नेहमीइतकेच आहेत, रागावलो म्हणून कमी केलेले नाहीत. बाकी पत्रात मात्र सवलत मिळणार नाही.

तुझं पत्र काल आलं. फाटकाजवळचं एक मोरपंखीचं झाड तपकिरी पडलं, म्हणून अख्खी रांग उपटून तिथे लोखंडी कठडा बसवायचा, असं तू आणि तुझ्या यजमानांनी ठरवूनही टाकलंत. मला फक्त कळवलंत. ते कुंपण मी लावलं तेव्हा तू फ्रॉकच्या खिशात खडे भरून हिंडत होतीस. दोरी ताणून, खड्डे सारखे खणून, प्रत्येक रोपाची मुळं हातानं मोकळी करून लावलेलं कुंपण आहे ते. तेव्हा मला कोणी शिकवलं नव्हतं, नंतरही नाही. लिफ्ट चालवायला घेतलेला माणूस मी, आज इस्पितळाची सगळी बाग माझ्या शब्दावर चालते. आणि माझ्याच घरातली झाडं मला न विचारता उपटायची.

नानांची नजर गेल्यापासून ते दारातून फाटकापर्यंत याच झाडांवर हात ठेवून एकटे जातात, हे तूच लिहिलंस. दिवसभरात तेवढी एकच गोष्ट त्यांना कुणाचा हात न धरता जमते. ती त्यांच्याकडून काढून घ्यायची आहे का? कठडा म्हणजे दवाखान्यातला जिना. घर आहे ते.

आता नीट वाच. तपकिरी रंग आतल्या बाजूला आहे की शेंड्याला? आत, खोडाजवळ असेल तर घाबरू नकोस, जुनी पानं झडतात. फक्त खालच्या बाजूला, एकाच अंगाला असेल तर कुत्रं तिथे पाय वर करतंय. फांदीखाली पांढरा कागद धर आणि फांदी झटक. ठिपके पडून चालायला लागले तर लाल कोळी, ती कीड. फांदीची साल नखानं खरवड, खाली हिरवं दिसलं तर जीव आहे. हे सगळं कर. फोटो पाठवू नकोस. फोटोत रंग खोटा येतो. मला फांदी हातात हवी, पाकिटात घालून पाठव.

आणि एक विचारतो, राग आला तर येऊ दे. तुमच्या लॉंड्रीचं साबणाचं पाणी कुठे सोडता?

कळावे. कुंपण सोडून बाकी सगळ्यावर तुझा हक्क आहेच.

दादा


दि. ११ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. नमस्कार वाकून केलाय, पत्र ताठ उभं राहून लिहितेय.

राग आला. तू म्हणालास येऊ दे, म्हणून सांगते. लॉंड्रीचं पाणी मागच्या गटारात जातं, घराच्या दुसऱ्या अंगाला. ज्या घराचं कुंपण तुझं आहे त्या घराचं गटार कुठे आहे हे तुला आठवत नाही, यावरून तू इथे शेवटचा कधी आलास ते बघ. ह्यांनी तुझं पत्र वाचलं, घडी घातली आणि इस्त्री करायला गेले. एक शब्द बोलले नाहीत. तू जाणतोस, ते बोलत नाहीत तेव्हा लागलेलं असतं.

फोनवर तू ओरडतोस आणि मी आपटते, म्हणून आपण लिहायचं ठरवलं. तर तू लिहूनही ओरडतोस.

तुझी परीक्षा दिली. तपकिरी आत नाही, एका अंगाला नाही, सगळ्या झाडभर आहे, वरपासून. कागदावर धूळ पडली, चालणारं काही नाही. वरच्या फांद्या खरवडल्या तर हिरवं आहे, बुंध्याशी मातीजवळ खरवडलं तर तपकिरी. नाना म्हणतात तिथे पायाखाली मऊ लागतं. मी म्हटलं चपला बदला.

कठड्याचं ऐक. मी रांग उपटायची म्हटलं ती हौस म्हणून नाही. ते झाड आलं की नानांच्या हाताला नुसत्या काड्या लागतात. ते थांबतात. पुढे आहे की संपलं, त्यांना कळत नाही. परवा तिथूनच परत फिरले आणि मला म्हणाले, फाटक लांब गेलंय. तुझ्या इस्पितळात बरीच झाडं असतील, इथे एक म्हातारा बाप आहे.

फांदी पाठवलीय. बघा डॉक्टर.

लोभ आहे, तो आटू नये म्हणून इथेच थांबते.

चिमी


दि. १८ फेब्रुवारी

चि. चिमीस,

अनेक आशीर्वाद. गटाराचं चुकलं. मेव्हण्यांना सांग. पुढचं चुकत नाही, ते ऐक.

फांदी मिळाली. पाकीट फोडलं तेव्हाच अर्धा रोग कळला. मी वास घेतला, दोन बोटांत चुरली, भुगा झाला. मोडली तर कडकन मोडली. आत ओल नावालाही नाही. कोळी नाही, बुरशीचे ठिपके नाहीत. झाड तहानलेलं आहे. तुम्ही लोक वरून शिंपडता, माती भिजलेली दिसते आणि मुळं कोरडी राहतात. नव्वद टक्के घरांत हेच करतात आणि मग नशिबाला बोल लावतात.

उपाय सोपा आहे, पण नेमका करायचा. नळी बुंध्याशी ठेव, धार करंगळीएवढी, आणि माती पिऊन पिऊन दमेपर्यंत राहू दे. रोज. एका झाडाला नाही, रांगेतल्या सगळ्यांना. आज ते गेलं, उद्या शेजारचं जाईल. एक लक्षात ठेव, मोरपंखीची फांदी एकदा तपकिरी झाली की पुन्हा हिरवी होत नाही. जे हिरवं आहे तेवढंच वाचवायचं असतं. म्हणून वेळ घालवू नकोस, आणि स्वतःची अक्कल वापरू नकोस.

नानांना सांग, फाटक जिथे होतं तिथेच आहे. त्यांना सांभाळून ने. कठडेवाला आला असेल तर परत पाठव.

पाण्यात कसर नको, पत्रातल्या प्रेमात थोडी चालेल.

दादा


दि. ६ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि.

तू लिहिलंस तसं केलं. शब्दन् शब्द. ह्यांनी काम सोडून नळी फिरवली, एका झाडावरून दुसऱ्यावर, करंगळीएवढ्या धारेनं. करंगळी कुणाची, तुझी की माझी, हे तू लिहिलं नव्हतंस, म्हणून आम्ही तुझी धरली.

शेजारचं झाड तपकिरी झालं. मग त्याच्या पलीकडचं. फाटकाच्या बाजूची तीन झाडं आता गंजलेल्या तारेसारखी दिसतात.

आणि नाना घसरले. रोजच्यासारखे हात ठेवत निघाले, काड्यांपाशी आले, हाताला धड काही लागेना म्हणून पाऊल बाजूला टाकलं ते चिखलात. गुडघा फुटला, मनगट सुजलं. हाड मोडलं नाही, हे तुझं नशीब. मी त्यांना आता एकटं बाहेर सोडत नाही. दाराला आतून कडी घालते. ते माझ्याशी बोलत नाहीत. खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसतात. काल म्हणाले, मला घरात ठेवायचं तर लॉंड्रीतल्या कपाटात ठेव, निदान घडी तरी नीट राहील. दादा, हे मी पत्रात लिहितेय म्हणून विनोदी वाटतं. समोर ऐकून बघ.

तू येत का नाहीस? इस्पितळाच्या नव्या इमारतीपुढचं लॉन, पाहुणे येणार, हे मागच्या वेळीही होतं. लॉनला गुडघा नसतो.

तीन फांद्या पाठवतेय, तीन झाडांच्या. प्रत्येकीला वेगळा दोरा बांधलाय, लाल, पांढरा, काळा. नीट बघून सांग कुणाला काय झालंय.

लोभ मागत नाही. उत्तर माग म्हणालास तर मागते.

चिमी


दि. १३ मार्च

चि. चिमीस,

आशीर्वाद. नानांचं वाचून हातातलं काम सुटलं. त्यांचा गुडघा कसा आहे ते आधी कळव. चिखल होऊ दिलात, याचा अर्थ पाणी मुळाशी न जाता वाटेवर वाहिलं. मी पाणी झाडाला घालायला सांगितलं होतं, वाटेला नाही.

तिन्ही फांद्या बघितल्या. तिघींचा एकच रोग, तीच तहान. लाल आणि पांढरा दोरा सारखेच वाईट. काळ्या दोऱ्याची सगळ्यांत वाईट, ती तर बोट लावताच गळाली. त्या झाडाला पाणी पोचलेलंच नाही. मला स्पष्ट लिहायची सवय आहे. मेव्हणे नळी धरून उभे असतात की धरल्यासारखं करतात, हे तू जातीनं बघ. मी इतकी वर्षं झाडं बघतोय. फांदी माझ्याशी खोटं बोलत नाही. माणसं बोलतात.

पाणी दुप्पट कर. मी इथून निघू शकत नाही, आणि निघायची गरजही नाही. जे आहे ते या फांदीत आहे.

दादा


दि. २० मार्च

दादा,

सा. न. आज एवढाच.

काळ्या दोऱ्याची फांदी आपल्या झाडाची नव्हती. ती शेजारच्या फोटोवाल्याच्या झाडाची. त्याच्या स्टुडिओच्या दारात आहे, हिरवंगार, चकचकीत, लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. मी त्याला विचारून तोडली, तेव्हा ती इतकी ताजी होती की कात्रीला चीक लागला. पाकिटात घातली आणि तुला पाठवली. ती तुझ्यापर्यंत पोचेपर्यंत वाळली, दादा. कुठलीही वाळेल. तोडलेली फांदी टपालात पडून राहिल्यावर वाळणार नाही तर काय करणार? तू इतके दिवस पाकिटाचा रोग बघतोयस आणि औषध आमच्या झाडांना देतोयस.

मी फोटोवाल्याची फांदी का पाठवली? कारण तुझं पत्र आलं की हे मुकाट नळी उचलायचे, आणि मला रोज वाटायचं की दादाला एवढं ठाम कसं कळतं. बुंध्याशी साल तपकिरी आहे हे मी पहिल्या फांदीबरोबरच लिहिलं होतं. नाना पायाखाली मऊ लागतं म्हणाले, तेही लिहिलं होतं. तू ते वाचलं नाहीस. तू फांदी वाचलीस.

तुझं उत्तर आल्यावर मी खुरपं घेतलं आणि खणलं. खुरपं लोण्यात जावं तसं गेलं. मुळं काळी. चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी हातात आली. वास तुंबलेल्या मोरीचा. झाडं तहानलेली नव्हती. आपण ती बुडवली. तू सांगून आणि आम्ही ऐकून.

ह्यांना तू नळी धरल्याचं सोंग करणारे म्हणालास. ते पत्र मी त्यांना दाखवलेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापासून काही लपवलं, तुझ्यामुळे.

पाणी बंद केलंय. कठडेवाल्याला बोलावलंय. आता मला काही सांगू नकोस.

चिमी


दि. २७ मार्च

सौ. चिमीवन्संना,

स. न. वि. वि. तुमच्या दादांना न सांगता लिहितेय, म्हणून अक्षर घाईचं आहे.

तुमचं पत्र त्यांनी उभ्यानं वाचलं. मग इस्पितळाच्या बागेत गेले, तिथल्या हिरव्यागार मोरपंखीची फांदी तोडून आणली आणि पाकिटात घालून कपाटावर ठेवली. मी म्हटलं हे काय. म्हणाले, हात लावू नकोस. काल उघडून बघितलं. बोटांत धरून चुरली. भुगा झाला. बराच वेळ तो भुगा तळहातावर घेऊन बसले होते. मी केर काढायला गेले तर माझ्यावरच खेकसले. मी ऐकून घेतलं नाही. मी म्हटलं, चिमीवन्संनी एका पत्रात जे दाखवलं ते मी लग्न झाल्यापासून सांगतेय, की माणसानं पाकीट फोडायच्या आधी निकाल लावू नये.

आज त्यांनी रजा टाकली. लॉनचं उद्घाटन सोडून. साहेबांनी नाही म्हटलं तर म्हणाले, मग लॉन साहेबांनीच कापावं. पिशवीत कपडे दोन आणि हत्यारं सगळी भरलीत. तुम्हाला कळवू नकोस असं बजावलंय, म्हणून कळवतेय. तुम्ही त्यांना आल्या आल्या चार शब्द सुनवा. गोड बोललात तर ते पुन्हा शहाणे होतील.

नानांच्या गुडघ्याला शेक देताय ना? माझ्या वाटणीचा नमस्कार त्यांना हाताला हात लावून सांगा.

तुमचीच,
वहिनी


दि. ५ एप्रिल

सौ. गृहमंत्र्यांस,

अनेक आशीर्वाद. तू चिमीला आधीच कळवलंस, हे मला फाटकातच समजलं. ती हातात खुरपं घेऊन उभी होती.

पहिला दिवस भांडणात गेला, तो लिहीत नाही, तुला इथला आवाज तिथे आला असेल. मेव्हण्यांची मी माफी मागितली. ते म्हणाले, कशाबद्दल? त्यांना खरंच माहीत नव्हतं. मग ते पत्र मलाच वाचून दाखवावं लागलं, माझ्याच तोंडानं. ही शिक्षा चिमीनं दिली. ऐकून ते म्हणाले की नळी धरून पाय सुजले होते, सोंगाचे पाय सुजत नाहीत. एवढंच. माझ्या डोक्यात अजून घुमतंय.

झाडांचं सांगतो. मुळकूज आहे. माझ्या पाण्यानं वाढली, हे मान्य. पण सुरुवात माझी नाही. गेल्या वर्षी नानांना ठेच लागू नये म्हणून चिमी आणि मेव्हण्यांनी वाटेवर फरशी बसवली, आणि उरलेली माती झाडांच्या बुंध्याशी ओढून ठेवली, झाडांना आधार म्हणून. वीतभर बुंधा मातीत गाडला गेला. फाटकाकडे उतार, तिथेच पाणी साठतं, तिथूनच झाडं गेली. चिमीला दाखवलं तर ती म्हणाली, नानांसाठीच केलं होतं. मी म्हटलं, मीही कुंपण नानांसाठीच वाचवत होतो. मग दोघंही खणायला बसलो. रागानंच, पण एकाच खड्ड्यात.

तीन झाडं मुळासकट काढली, खालची मातीही फेकली. हत्यार प्रत्येक झाडानंतर उकळत्या पाण्यात बुडवलं, नाहीतर रोग आपणच पुढच्या झाडाला नेऊन देतो. बाकीच्यांचे बुंधे मोकळे केले, भरड वाळू घातली, पाणी निघून जायला चर खणला, बुरशीनाशक ओतलं. त्यातलं आणखी एक जाईल बहुतेक, उरलेली वाचतील. आणि बागेच्या नळाची चावी काढून खिशात टाकलीय. या घरात कोणाच्याही हातात नळी द्यायची नाही, माझ्यासुद्धा.

तीन झाडांची जागा उघडी पडली. नवी रोपं लावली तरी नानांच्या हाताला लागायला वर्षं जातील. ती नानांकडे आहेत का, हे मी चिमीला विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. मी स्वतः जाऊन चिमीच्या कठडेवाल्याला घेऊन आलो. तो सरळ चौकोनी सळई लावत होता, मी गोल पाईप घ्यायला लावला, कोपरे घासून गुळगुळीत करायला लावले, उंची नानांच्या तळव्यापाशी धरून ठरवली. वेल्डर म्हणाला इतकं कोणी बघत नाही. मी म्हटलं ज्यांना दिसतं ते बघत नाहीत.

नानांना काल नेलं. झाड, झाड, मग पाईप. पाईपवर हात ठेवून उभे राहिले आणि मला म्हणाले, तुझं डोकं ताळ्यावर यायला माझा गुडघा लागला. मी आधार द्यायला पुढे झालो. त्यांनी मला हात धरू दिला नाही. लांब हो म्हणाले.

सोमवारी निघतो. साहेबांनी काय केलं ते कळव, लॉन कापलं का?

दादा (तुझे)


दि. २४ एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझ्यावरचा राग अजून संपलेला नाही, पण आज तो बाजूला ठेवावा लागतोय, कारण घरात त्याहून मोठा झालाय.

आधी तुझं. नळाची चावी परत पाठव. कुंपणाला पाणी नको हे मान्य, पण कुंड्यांनी काय घोडं मारलंय? हे बादलीनं पाणी आणतात आणि प्रत्येक बादलीला तुझी आठवण काढतात. तू सांगितलंस तसं एक झाड गेलंच, ते काढलं. बाकीची हिरवी आहेत. मी रोज बुंध्याची माती बोटानं बघते, फांद्या बघत नाही.

आता नानांचं. दाराची कडी मी काढून टाकलीय. तू गेल्यापासून ते रोज एकटे फाटकापर्यंत जात होते आणि येत होते. मला वाटलं, झालं, निभावलं. आज सकाळी गेले ते आलेच नाहीत. मी बाहेर येऊन बघते तर फाटक उघडं. कठडा रिकामा. हे चालती इस्त्री तशीच टाकून धावले, एक शर्ट जळाला, गिऱ्हाईक उद्या येणार आहे. फोटोवाला स्टुडिओ उघडा टाकून दुसऱ्या बाजूला पळाला. मी रस्त्यात उभी राहून प्रत्येकाला विचारत होते, आणि कुणाला काय विचारतेय ते मलाच कळत नव्हतं.

नाना कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या खुर्चीत बसले होते. गळ्याभोवती पांढरं फडकं, अर्धे केस कापून झालेले. माझा आवाज ऐकला आणि न्हाव्याला म्हणाले, ही माझी मुलगी, हिच्याकडे लक्ष देऊ नका, कानामागचे नीट घ्या.

मी तिथेच ओरडले. दुकानात चार माणसं होती, मला लाज वाटली नाही. पडला असतात तर, गाडीखाली आला असतात तर, कोणाला विचारून निघालात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी शांतपणे मला समजावलं, मी फ्रॉकमध्ये असताना समजवायचे तसं. कठडा संपला की फाटकाचा खांब लागतो, खांबापुढे फोटोवाल्याची भिंत, ती संपली की शिंप्याची पायरी, मग वाण्याच्या दुकानाची फळी. हात ठेवायला सगळीकडे काही ना काही असतंच. तुम्ही दोघं भावंडं फाटकापर्यंतच भांडत होतात, म्हणून मला वाटलं की रस्ता तिथेच संपतो.

येताना ते पुढे आणि मी मागे. मला हात धरू दिला नाही. कापलेले केस मानेवर पडले होते ते मी झटकायला गेले तर माझा हातच झटकला. घरी आल्यावर जाहीर केलं की शनिवारी दाढीला जायचं आहे, मला हाका मारत मागे यायचं नाही, गावात शोभा होते. हे हसले. मी अजून बोललेले नाही त्यांच्याशी, दोघांशीही.

तू त्यांना एक कडक पत्र लिही. नेमकं लिही, तुला जमतं. मी त्यांना वाचून दाखवीन, जितका चढवता येईल तितका आवाज चढवून. आज माझा घसा बसला आहे.

शनिवारच्या आत पोचेल असं टाक. लोभ तुझ्याकडून हवा तेवढा, नळाची चावी आधी.

चिमी